अप्पांच्या चुलीवरची डेगची

अप्पांना स्वयंपाक येत नव्हता, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, हाताला गुण असेल, कुठंतरी पाहून शिकले असतील. तसलं काही नव्हतं. त्यांची भाकरी तव्यावर जायच्या आधी काठवटीतच मोडायची. पिठलं केलं तर गुठळ्या वेगळ्या आणि पाणी वेगळं. एकदा त्यांनी मला चहा दिला. मी पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्यांनी आपला कप संपवला, "छान झालाय" म्हणाले, आणि मग चुलीशेजारी पत्तीची पुडी बांधलेलीच दिसली. शेवटी शेजारची धनगराची मावशी त्यांना दोन वेळची भाकरी-भाजी देऊ लागली.

सेलूच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. मूळचे चारठाण्याचे, लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. पहाटे आडावर अंघोळ आणि डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. वय तिशीच्या आतलं, पण लहानथोर सगळे त्यांना अप्पाच म्हणायचे.

भाषेच्या बाबतीत माणूस फार कडक. रस्त्यात भांडण लागलं तरी अप्पा थांबून ते शुद्ध करायचे. एकदा स्टेशनच्या वाटेवर एक टांगेवाला दुसऱ्याला "तुझ्या आयला" म्हणाला. अप्पा टांग्याजवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "‘आईला’ म्हणावे. ‘आयला’ हे अशुद्ध आहे." टांगेवाला इतका गोंधळला की शिवी देणं विसरून गेला. भांडण तिथंच मिटलं.

आणि दुसरी सवय अशी, की कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ते खाकरायचे. खोलीत कुणी असो वा नसो. सुटीच्या दिवशी वर्ग उघडायला आम्ही दोघं गेलो, तेव्हाही दाराशी थांबून त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"अप्पा, आत कुणी नाही," मी म्हणालो.

"ते तुम्ही बाहेरून ठरवलंत. कुणी असलं तर त्याला सावरून बसायला अवधी द्यावा."

पुढं बोरीला त्यांचं लग्न झालं. मी वऱ्हाडात होतो. बोहल्यावर चढतानाही हा माणूस खाकरला, आणि नवरीकडच्या बायका हसून हसून बेजार झाल्या. मलाही हसू आलं. पण त्याआधी सेलूच्या त्यांच्या भाड्याच्या घरातला हिवाळा मी पाहिला होता, म्हणून माझं हसणं लवकर थांबलं.

मी त्याच शाळेत हिशेब शिकवायचो. निजामाच्या राज्यात शाळेतलं सगळं उर्दूतून चालायचं. मी स्वतः उर्दूत शिकलो आणि उर्दूतच मास्तर झालो. संस्थान विलीन झालं आणि एकेक करून वर्ग मराठी झाले. घरी आम्ही दखनी बोलायचो आणि बाजारात मराठी, पण बाजारातल्या मराठीत त्रैराशिक शिकवता येत नाही. हेडमास्तर म्हणाले, "अप्पांकडे जा. मराठीची परीक्षा दिली नाहीत, तर नोकरीचं मी काही सांगू शकत नाही." अम्मीचं आणि माझं घर त्या पगारावर चालत होतं. मी त्याच संध्याकाळी अप्पांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

माझी मुख्य अडचण म्हणजे ‘ळ’. माझ्या तोंडून ‘कोळसा’ निघायचाच नाही, ‘कोलसा’ निघायचा. अप्पा रोज दिवेलागणीला मला समोर बसवून म्हणवून घ्यायचे, "कोळसा. पोळी. सावळा. मावळला." मी म्हणायचो आणि ते डोळे मिटून मान हलवायचे, नाही, नाही, नाही. पण कधी रागावले नाहीत. मला हाताला धरून आपल्या भाषेत असा चालवणारा माणूस त्या दिवसांत दुसरा भेटला नव्हता.

त्यांनी भाड्यानं घेतलेलं घर मुनशीजींचं होतं. मुनशीजी म्हणजे जिनिंगमधले कारकून. पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात ते कुटुंब हैदराबादला निघून गेलं. त्यांची म्हातारी आई त्याच सुमारास वारली, एवढंच मला ठाऊक होतं. मी तेव्हा औरंगाबादला शिकायला होतो. नंतर काही वर्षं घराला कुलूप होतं. कुणी घ्यायला धजावत नव्हतं. अप्पांना कुणी काही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. शाळा जवळ आणि आडाला गोडं पाणी, तेवढं त्यांना पुरे होतं.

स्वयंपाकघरात मागच्या लोकांची एकच वस्तू राहिली होती, तांब्याची एक मोठी डेगची. जड, म्हणून नेली नसावी. मांसमच्छीचं भांडं घरात नको म्हणून अप्पांनी ती पहिल्याच दिवशी परसात नेऊन भिंतीशी पालथी घातली होती.

ते दिवस थंडीचे होते. बाजारातून त्यांनी एक पत्ताकोबी आणला होता. एकट्या माणसाला आठवडाभर पुरावा एवढा गड्डा. मी ओसरीवर बसून "मावळला, मावळला" म्हणत होतो आणि ते तो गड्डा हातात फिरवत होते. अचानक म्हणाले,

"मास्तर, खिमा कुठं मिळतो?"

मी ‘मावळला’ म्हणायचा थांबलो. त्या वर्षांत आम्ही लोक प्रश्न ऐकण्याआधी तो कोण विचारतंय हे बघायचो. लिंगायत माणूस, अंडं फुटलेल्या जागेवरून वळून जाणारा, आणि मला खिमा विचारतो? कुणी पाठवलं यांना? उद्या शाळेत काय उठेल?

"कशाला, अप्पा?"

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

त्या ‘म्हाईत न्हाई’नं मला जास्त भीती वाटली. अप्पा खेड्यातलं बोलणं कधी बोलायचे नाहीत. घाबरले, की तेवढं तोंडातून यायचं.

मी दोन-चार दिवस टाळलं. मग एका संध्याकाळी त्यांचा चेहरा बघवेना. दुसऱ्या दिवशी बकऱ्याचा खिमा पानात बांधून, मुलांच्या वह्यांखाली दडवून घेऊन गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. आत चूल पेटलेली होती. आणि चुलीवर ती डेगची, घासून लखलखीत केलेली.

"अप्पा, ही परसात होती ना?"

त्यांनी डेगचीकडे पाहिलं. "व्हती," म्हणाले. "आत कवा आली?"

पुडी सोडून त्यांनी खिमा बोटांत घेतला. दोन बोटांनी किंचित दाबला आणि बाजूला ठेवला. "हे न्हाई. हे बकऱ्याचं हाय. मोठ्याचं पायजे."

मोठ्याचं म्हणजे बैलाचं. ज्या माणसानं जन्मात मांसाला हात लावला नव्हता, त्यानं चुलीच्या उजेडात नुसत्या बोटांनी ते ओळखलं होतं. मी पुडी पुन्हा बांधली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडत आहेत असं वाटत नव्हतं. कुणीतरी दुसरं रडावं आणि पाणी यांच्या डोळ्यांतून यावं, तसं ते होतं.

ईदगाहच्या मागं तरटाच्या पडद्याआड एक कसाई बसायचा. सुरीनं लाकडावर खिमा तोडून द्यायचा. मी तिथून नेहमीच नेत होतो, पण त्या दिवशी घरची वाट सोडून अप्पांच्या घराकडे वळताना मी दोनदा मागं वळून पाहिलं. कुणी पिशवी उघडून बघितली असती, तर माझंही काही खरं नव्हतं आणि अप्पांचंही.

आता ते शिजवणं सांगतो. माझ्या डोळ्यांपुढं ते अजून तसंच आहे.

त्यांनी विळी घेतलीच नाही. सुरी घेतली आणि कांदा तळहातात धरून, अंगठ्याकडे ओढत चिरला. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका चिरतात तसा. तेल, कांदा, तो लाल होईतो ढवळणं, मग आलं-लसूण. मग खिमा. डावाच्या पाठीनं ते त्याच्या गुठळ्या मोडत होते. हळद, तिखट, धने, मीठ. मूठभर ज्वारीच्या कण्या, म्हणजे रस्सा त्या पिऊन घेतात आणि वेगळी भाकरी लागत नाही. पाण्याचा एक तांब्या. मग कोबी. तो त्यांनी चिरला नाही, पान पान हातानं फाडून काठापर्यंत रचला. शेवटी उरला गाभा. तो पांढरा दांडा त्यांनी सोलला आणि पानांच्या मधोमध उभा खोचला. वर झाकण, झाकणावर निखारे. सगळं एकाच भांड्यात, एकाच आचेवर. हालचाल अशी बारीक, अशी सवयीची, की एक थेंब इकडे-तिकडे नाही.

आणि हे सगळं चाललेलं असताना अप्पा डेगचीकडे बघत नव्हते. न्हाव्यापुढं बसलेला माणूस जसा समोरच्या भिंतीकडे बघत राहतो, तसे बसले होते. एवढंच नाही, माझा धडा चालू ठेवला होता.

"म्हणा, ‘सावळा’."

"सावला."

"जीभ मागं न्या. ‘सावळा’."

हात खिमा परतत होते आणि तोंड मला मराठी शिकवत होतं. तोंड अप्पांचं होतं.

"अप्पा," मी न राहवून म्हणालो, "हे कोण करतंय?"

"मला काय इच्यारता, मास्तर? संध्याकाळ झाली की हात माझं ऐकत न्हाईत. मनगटापर्यंत मी असतो. त्याच्या फुडं कोण हाय, मला ठाव न्हाई."

झाकण उघडलं तेव्हा काठाला आलेला कोबी निम्म्यावर बसला होता. अप्पांनी तो दोन ताटल्यांत वाढला, कुणाची तरी वाट बघावी तसे जरा थांबले, मग तसाच मागं डेगचीत ढकलला, आणि उठून आडावर गेले. त्या गारठ्यात डोक्यावर कळशीमागून कळशी ओतली, भस्म लावलं, पूजेला बसले. पूजा झाल्यावर मला म्हणाले, "मी खात नाही. तुम्ही घेऊन जा. वाया जाऊ नये." भाषा पुन्हा शुद्ध झाली होती. मग दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, "मी पाप करायलोय का हो?"

मी डबा भरून घरी आलो.

अम्मीनं पहिला घास घेतला आणि तिचा हात ताटातच राहिला.

"ये कौन पकाए?"

"एक दोस्त है," मी म्हणालो.

"झूट नक्को बोल. ये मुनशीजी की अम्मा का हात है. कोबी फाड के डालना, जवार की कनी डालना, सेलू में दूसरा कौन करता था?" तिनं ताट बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावला. "पर उनो तो मर गए ना रे."

मग तिनं मला सांगितलं. त्या हिवाळ्यात मुनशीजी कामाच्या शोधात आधीच हैदराबादला गेले होते. सेलूत रोज नवी अफवा. एका दुपारी त्यांची बायको लेकरांना घेऊन स्टेशनवर गेली, ती परत आली नाही. म्हातारीचे गुडघे गेलेले, तिला दोन घरं ओलांडणं होत नव्हतं. ती मागं राहिली. गल्लीला वाटलं, सगळेच गेले. काही दिवसांनी दार ढकलून बायका आत गेल्या, अम्मीही त्यांच्यात होती. म्हातारी चुलीपुढं बसलेली होती, भिंतीला टेकून. चुलीत राख. डेगचीत खिमा-कोबी, तळापर्यंत सुकून काळा झालेला. आणि तिचा हात झाकणावर होता.

"जैसे किसी के वास्ते ढाँक के रखे," अम्मी म्हणाली.

मी हे अप्पांना सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस बिछाना उचलून पळेल. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे वाट बघणं चालू आहे."

त्या हिवाळ्यात दर बाजाराच्या संध्याकाळी हे चालू राहिलं. कोबी ते आणायचे, खिमा मी. शेजारच्या मावशीला कळणारच होतं. मेंढरं पाळणारी बाई, मांसाचा वास तिला कोण शिकवणार? मला आडाजवळ गाठून म्हणाली,

"मास्तर, अप्पाला बोल लावू नगा. ह्यो वास आजचा न्हाई. घराला कुलूप व्हतं तवाबी थंडीत दिवेलागणीला यायचा. म्या कितीदा भिताडाला नाक लावून बगितलं. आता निदान चूल तर पेटलेली दिसती."

पण सगळे मावशीसारखे नव्हते. वास गल्लीतून बाजारात गेला आणि बाजारातून चारठाण्याला. एका दुपारी अप्पांचे थोरले भाऊ बैलगाडी जुंपून आले. शांत, समजूतदार माणूस. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "बोरीच्या लोकांनी निरोप धाडलाय. खरं काय ते सांगा म्हणत्यात. पोरगी द्यायची का न्हाई, ते त्याच्यावर हाय."

अप्पा म्हणाले, "मी शिजवतो. खात नाही."

"शिजवतोस? तू?" भाऊ हसले. "तुला तर दूध तापवता येत न्हाई."

संध्याकाळ झाली. खिमा नव्हता, मी तो आणलाच नव्हता, पण कांदे होते. भाऊ दारात उभे राहून बघत होते. अप्पांनी कांदा तळहातात घेतला आणि चिरायला लागले. एक, दोन, तीन. भावाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते मागं मागं सरकत ओसरीवर आले आणि माझा दंड धरला.

"मास्तर, ह्यो माझा भाऊ न्हाई. आमच्या घरात कुणी असा कांदा चिरत न्हाई. ह्याला ह्या घरातून काढा."

त्यांनी त्याच पावली अप्पांचं सामान गाडीत घातलं आणि शाळेजवळच्या एका खोलीत नेऊन टाकलं. अप्पा निमूट गेले. घराला कुलूप लागलं. डेगची आतच राहिली.

आम्हाला वाटलं, सुटले. पण संध्याकाळ झाली की अप्पांचे हात थरथरायला लागायचे. पेन्सिल धरवेना, सदऱ्याची गुंडी लावता येईना. भस्माची वाटी हातून पडून फुटली. पूजेला लिंग तळहातावर घेतलं आणि ते निसटतंय असं वाटलं, त्या दिवशी ते लहान मुलासारखे ओरडले. मग एकदा खोलीवर सापडले नाहीत. मी धावत मुनशीजींच्या घराकडे गेलो. अंधारून येत होतं. अप्पा कुलूपबंद दारापुढं उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात दारावर फिरत होते, वर-खाली, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तसे. "मी नगं म्हणायलोय, मास्तर," ते म्हणाले. "हे ऐकतच न्हाईत."

हात धरून मी त्यांना आमच्या घरी आणलं. अम्मीनं त्यांच्यापुढं गूळ-पाणी ठेवलं. त्यांनी ते घेतलं, तोंडाशी नेता येईना म्हणून मी पाजलं. अम्मी त्या हातांकडे बघत होती.

"जिसके वास्ते पक रहा है, उसको बुलाव," ती म्हणाली. "दूसरा कुछ नै."

स्टेशनवरचा एक गार्ड आमच्या ओळखीचा होता. त्याच्याकरवी हैदराबादला तोंडी निरोप गेला. म्हातारीला शेवटची सोडून गेली ती सून, म्हणून निरोप तिलाच: मुनशीजींच्या बायकोनं यावं, घरी काम आहे. येईल असं मला वाटत नव्हतं. पण एका दुपारच्या गाडीनं ती एकटीच उतरली. काळा बुरखा, हातात लहानशी पेटी. मी तिला भाभी म्हणायचो, लहानपणी तिच्या लग्नात मी शरबत वाटलं होतं. आता केस पिकायला लागले होते.

अम्मीनं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी त्या घरात पाय ठेवणार नाही." तरी गल्लीपर्यंत आली. दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसली, दाराकडे पाठ करून.

कुलूप काढलं होतं. संध्याकाळी अप्पा आले. तिला बघून त्यांनी हात जोडले, म्हणजे जोडायचा प्रयत्न केला. "आत या," म्हणाले. "घर तुमचंच आहे." ती हलली नाही. ते दाराशी खाकरले आणि एकटेच आत गेले. खिमा आणि कोबी मी आधीच ठेवला होता. थोड्या वेळानं आतून कांद्याचा वास आला, मग आल्या-लसणाचा, मग खिम्याचा. प्रत्येक वासासरशी भाभीची पाठ थोडी थोडी वळत होती. कोबी पडला आणि ओल्या पानांची वाफ बाहेर आली, तेव्हा ती उठली. भिंतीला हात लावत, एकेक उंबरा ओलांडत आत गेली. मी आणि अम्मी तिच्या मागं.

अप्पा भिंतीकडे बघत बसले होते. हात झाकणावर निखारे ठेवत होते. भाभीनं त्या हातांकडे पाहिलं आणि आपलं तोंड दाबून धरलं. मग त्यांच्यासमोर, चुलीच्या पलीकडे खाली बसली.

झाकण निघालं. वाफ वर गेली. पानं बसली होती आणि मधोमध तो पांढरा गाभा उभा होता. हातांनी तो डावानं अलगद उचलला आणि भाभीच्या ताटात ठेवला. दुसरं काही वाढण्याआधी, आधी तो.

भाभी हंबरडा फोडून रडली. ती सांगत होती ते तुटक तुटक होतं. नवी नवरी होती, पहिल्यांदा दिवस गेले होते, कोबीचा गाभा खावासा वाटायचा आणि सांगायची लाज वाटायची. सासूनं कसं ओळखलं कोण जाणे. कुणाला दिसू नये म्हणून पानांत लपवून शिजवायची आणि गुपचूप तिच्या ताटात घालायची. पुढं लेकरं झाली, ती मोठी झाली, तरी गाभा तिचाच.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," ती हातांकडे बघत म्हणाली. "म्हणाले, तुमचा मुलगा गाडीनं येतोय, आणायला जाते, शामतलक आतें, संध्याकाळपर्यंत परत येतो. त्यांना नेता येत नव्हतं. लेकरं रडत होती. गाडी लागली होती. काय करू? आणि त्या म्हणाल्या, तो येतोय, तर मी हंडी चढवते. थंडीचं आल्या आल्या गरम खाल सगळे." तिनं ताटातल्या गाभ्याला बोट लावलं. "मला वाटलं, शेवटी तरी कळलं असेल. शिव्या देत गेल्या असतील. आणि ह्या अजून माझा गाभा काढून ठेवतात."

हात थांबलेले होते, ताटाच्या काठाशी. अम्मी हळू आवाजात म्हणाली, "खा बेटी. ठंडा हो रहा."

ती जेवली. गाभा खाल्ला, मग खिमा, मग कण्या. ताट रिकामं झालं, की हात पुन्हा वाढायचे. ती रडत होती आणि खात होती. शेवटी तिनं ताटावर आपला तळवा आडवा धरला, आणि तेव्हा कुठे डाव खाली ठेवला गेला. अप्पांनी एक मोठा श्वास सोडला. कित्येक महिन्यांनी तो माणूस श्वास सोडतोय असं मला वाटलं.

"ही मी घेऊन जाते," भाभी डेगचीवर झाकण ठेवत म्हणाली. "उरलेलं लेकरांना देते. त्यांच्या अब्बांना देते. त्यांनीही वाट बघायला लावलीय."

डेगची चादरीत बांधून आम्ही टांग्यात ठेवली. अप्पा ती मांडीवर धरून बसले होते. स्टेशनवर दिवे लागलेले होते, हैदराबादकडे जाणारी गाडी आली. भाभी डब्यात चढून खिडकीशी बसली. डेगची खिडकीतून आत जाईना, म्हणून अप्पा दारातून वर चढले, तिच्याजवळ बाकावर ठेवून खाली उतरले आणि खिडकीतून हात घालून डेगचीची कड पुन्हा धरली. मला वाटलं, हलू नये म्हणून धरलीय. शिटी झाली, गाडी हलली. अप्पांनी सोडलं नाही. गाडीबरोबर चालायला लागले.

"अप्पा, सोडा!" मी ओरडलो.

"सुटंना!" ते ओरडले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर, सुटंना!"

गाडीनं वेग घेतला. ते पळायला लागले, कोपरापर्यंत खिडकीत अडकलेले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि फरफटत गेलो. तेवढ्यात भाभी पुढं वाकली. तिनं त्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवले आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी हलकेच म्हणाली,

"अम्मा, मैं लेके जारूँ ना. छोड़ो अब."

बोटं उघडली. आम्ही दोघं फलाटावर कोसळलो. गाडी निघून गेली, शेवटचा लाल दिवा वळणाआड गेला. अप्पा उठून बसले. फलाटावरच्या कंदिलाच्या उजेडात त्यांनी आपले दोन्ही पंजे पसरले, एकदा उलटे, एकदा सुलटे करून पाहिले. पुन्हा पाहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "केवढे मोठे हायत हो माझे हात."